मदत हवी आहे: एकाच बटणावर आवाज बदलायचे आहेत, पण एका दाबात दोन-तीन आवाज पुढं जातात

आखाडेकर

नमस्कार मंडळी. जिंतूर तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन आहे. रब्बीला ज्वारी आणि हरभरा. ज्वारी निसवली की रानडुकरं आणि हरणं रात्री वावरात उतरतात. डुकरं खातात थोडं, आडवं पाडतात जास्त. वडील आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, जागलीला असतात. काही जण कुंपणात करंट सोडतात. त्यात माणसं मेलेली आहेत, ते आम्हाला करायचंच नाही. म्हणून आवाजाचं यंत्र बनवतोय.

आवाज एकच ठेवला तर जनावर त्याला सरावतं, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पाच आवाज घेतलेत: कुत्र्यांचं भुंकणं, पत्र्याचा डबा बडवलेला, फटाके, बिबट्याचं गुरगुरणं आणि वडिलांची स्वतःची आरोळी. ती आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड केली. सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतोय.

जोडणी अशी: आर्डुइनो नॅनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डातले आवाज वाजवणारा प्लेअर), त्याच्या डॅक पिनांवरून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या पिनांवरून, बारा व्होल्टचा छोटा ॲम्प्लिफायर आणि पुढं भोंगा. वीज फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट बॅटरीची, बक कन्व्हर्टरनं (व्होल्टेज कमी करणारा बोर्ड) ५ व्होल्ट करून नॅनोला आणि प्लेअरला. पेटी आणि भोंगा विहिरीजवळच्या खांबावर आहे. बटण आखाड्यात वडिलांच्या बाजेपाशी, अंदाजे १०० फूट वायर. बटणाचं एक टोक डी३ पिनेला, दुसरं ग्राउंडला, आणि कोडमध्ये इनपुट पुलअप चालू, म्हणजे बटण मोकळं असताना पिनेला ५ व्होल्टकडं ओढून ठेवणारा नॅनोच्या आतला रेझिस्टर.

बटण एकच का, तर वडिलांचं वय सत्तरीकडं आलंय आणि अंधारात झोपेतून उठून चार बटणांतलं एक शोधायला लावणं बरोबर नाही. एकदा दाबलं की पुढचा आवाज, पाचव्यानंतर परत पहिला. दाबून धरलं की बंद. एवढंच हवंय.

अडचणी:

एकदा दाबलं की कधी एक, कधी दोन-तीन आवाज पुढं जातात. कोडमध्ये डिले (थांबायचा हुकूम) टाकून ते कमी होतं, पण मग आवाज चालू असताना दाबलेलं बटण लागतच नाही. वडील म्हणतात, "बटण मेलं."

बंद करायला दाबून धरलं तर आधी पुढचा आवाज सुरू होतो आणि मग बंद होतो. रात्री दोन वाजता तो मधला एक सेकंद फार मोठा वाटतो, शेजारच्या आखाड्यावर लहान लेकरं आहेत.

तिसरी अडचण मला कळतच नाही. विहिरीवरची मोटार सुरू झाली की कुणी हात न लावता आवाज बदलतो. आठवड्यातले काही दिवस थ्री फेज लाईट रात्रीच असते, ऑटो स्टार्टर आहे, त्यामुळे हे रोजचंच झालंय. यंत्र तर बॅटरीवर आहे, मग मोटारीचा संबंध येतो कुठून?

बाजारात तयार यंत्रं मिळतात हे माहीत आहे. पण बिघडलं तर आखाड्यावर बसून दुरुस्त करता यावं, म्हणून हेच नीट करायचंय.

काळीमाती

भाऊ, नॅनो बाजूला ठेवला तरी चालेल. डीएफप्लेअरच्या आयओ२ पिनेवरून ग्राउंडला सरळ बटण लावा. थोडं दाबलं की पुढचं गाणं, तो आपला आपण करतो.

आखाडेकर

दादा, ते करून पाहिलं, छान चालतं. पण त्या पिनेला दाबून धरलं की आवाज वाढतो, बंद होत नाही. मला नेमकं उलटं हवंय.

गोदाकाठ

मी नांदेडला आयटीआयमध्ये शिकवतो. पहिल्या दोन अडचणी कोडमधल्या आहेत, तिसरी वायरमधली. आधी कोड बघू.

बटणाच्या आत दोन पत्र्या एकमेकींवर आपटतात आणि टेकून स्थिर होण्याआधी काही मिलिसेकंद उडतात. नॅनो १६ मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे एका मिलिसेकंदात त्याचे १६,००० ठोके होतात. त्या पत्र्यांची प्रत्येक उडी त्याला वेगळा दाब वाटते. डिले टाकून हे झाकलं जातं खरं, पण डिले चालू असताना नॅनो दुसरं काहीच बघत नाही. वडिलांचं बटण तिथंच मरतं.

डिले पूर्ण काढा. मिलिस (नॅनो चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारा हुकूम) घ्या आणि दर ५ मिलिसेकंदाला पिन वाचा. स्थिती सलग ४० मिलिसेकंद तीच राहिली तरच खरी माना. इंटरप्ट (पिन हलली की चालू काम थांबवून लगेच दखल घेणारी सोय) वापरायचा मोह होईल, पण इथं तो नको. लांब वायरवरची प्रत्येक किणकिण तो पकडेल.

आता दाबून धरण्याचं. तुमचा कोड बटण खाली गेल्या गेल्या आवाज बदलतोय, म्हणून बंद करण्याआधी पुढचा आवाज येतो. निर्णय बटण सोडताना घ्या. खाली गेलं की फक्त वेळ लिहून ठेवा. एक सेकंदाच्या आत सुटलं तर पुढचा आवाज. एक सेकंद उलटला आणि बटण अजून खालीच असेल, तर सुटायची वाट न पाहता लगेच बंद करा आणि 'काम झालं' अशी एक खूण ठेवा, म्हणजे नंतर बटण सुटेल तेव्हा आवाज बदलणार नाही. ही खूण विसरली की बंद झालेलं यंत्र हात काढताच परत ओरडतं. आमच्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक वेळा गाडी इथंच अडते.

पाचव्यानंतर पहिला येण्यासाठी क्रमांक शून्यापासून धरा, एक मिळवा, पाचने भागा आणि बाकी घ्या. फाईल मागताना त्यात परत एक मिळवा.

आणि प्लेअरला दोन हुकूम पाठोपाठ देऊ नका, मध्ये १०० मिलिसेकंद तरी जाऊ द्या. तेही मिलिसनेच. नॅनोकडून प्लेअरच्या आरएक्सला (हुकूम घेणाऱ्या पिनेला) जाणाऱ्या वायरीत १ किलोओहमचा रेझिस्टर आहे ना? नसेल तर भोंग्यात घरघर येते.

तांब्याची तार

लातूरहून लिहितोय, मोटार आणि स्टार्टरचीच कामं करतो. भाऊ, एक सांगा, बटणाची वायर मोटारीच्या केबलला बांधून नेलीय का?

आखाडेकर

हो. खांबापर्यंत दोन्ही बरोबरच आहेत, सुतळीनं बांधलेल्या.

तांब्याची तार

मग कारण तेच. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (मोटारीला वीज जोडणारा आतला स्विच) बसतो तेव्हा मोटार काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तो झटका शेजारच्या वायरीत उतरतो, त्याला जोड लागत नाही. नॅनोच्या आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे फार कमजोर. १०० फूट वायरीवरचा थोडासा झटकासुद्धा त्याला खाली ओढतो आणि नॅनोला बटण दाबल्यासारखं वाटतं.

पहिलं काम, वायर केबलपासून हातभर तरी लांब न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून न्या. पेटीत डी३ आणि ५ व्होल्टच्या मध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर, आणि डी३ ते ग्राउंड १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, ज्यावर १०४ लिहिलेलं असतं तो. बहुतेकांचं एवढ्यात भागतं.

पण तुमच्याकडं ऑटो स्टार्टर आहे आणि वायर लांब आहे, म्हणून मी असतो तर पीसी८१७ ऑप्टोकपलर लावला असता, म्हणजे आतल्या एलईडीच्या उजेडानं दुसऱ्या बाजूचा स्विच चालू करणारा भाग, दोन्ही बाजूंना तारेची जोड नसते. जुन्या टीव्हीच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या पॉवर सप्लायमध्ये असे सापडतात. बॅटरीचा १२ व्होल्ट, १ किलोओहमचा रेझिस्टर, लांब वायर, बटण आणि ऑप्टोच्या आतली एलईडी, हे सगळं एका रांगेत. बटण दाबलं की साधारण ११ मिलिअँपिअर वाहतात. दुसऱ्या बाजूला ऑप्टोच्या स्विचचं एक टोक (कलेक्टर) डी३ला, दुसरं (एमिटर) ग्राउंडला. तुमची लांब वायर मग नॅनोच्या पिनेला लागतच नाही. दाबल्यावर पिन खालीच जाते, म्हणून कोड आहे तसाच चालेल. रेझिस्टर पेटीतच ठेवा, वायरीच्या सुरुवातीला. वायर कुठं उंदरानं कुरतडून एकमेकींना टेकली तरी बॅटरी शॉर्ट होणार नाही.

आखाडेकर

मंडळी, तुम्ही एवढं फोड करून सांगितलंत, मनापासून आभार. गोदाकाठ सर, सोडताना निर्णय घ्यायचं कोड लिहिलं. आता एका दाबाला एकच आवाज, आणि दाबून धरलं की सरळ बंद. आरएक्सला रेझिस्टर आहे.

तार भाऊ, पीसी८१७ गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं जुन्या बोर्डावर मिळाला. वायर वेगळी करून पीळ घालून नेली. काल रात्री मोटार चालू-बंद करून बघितली, आवाज जागचा हलला नाही.

आता दोन गोष्टी राहिल्या. कार्डात फाईलींना नावं नीट दिलीत, तरी बिबट्या आधी आणि कुत्री नंतर येतात. दुसरं, बॅटरी बदलली की परत पहिल्या आवाजापासून सुरू होतं. वडिलांना चालू होता तिथूनच हवंय.

गोदाकाठ

नुसत्या क्रमांकानं फाईल मागितली की प्लेअर नाव बघत नाही, कार्डात आधी कॉपी झालेली फाईल आधी वाजवतो. कार्ड फॅट३२ या प्रकारात फॉरमॅट करा, ०१ नावाचं फोल्डर करा, त्यात ००१, ००२ अशी नावं द्या आणि कोडमध्ये फोल्डर व फाईल दोन्ही सांगणारा हुकूम वापरा.

चालू आवाजाचा क्रमांक इइप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या नॅनोच्या मेमरीत, ठेवा. तिथली एक जागा १,००,००० वेळा लिहिण्याइतकी टिकते. रात्रीत १०० वेळा दाबलं तरी १००० रात्री जातील. पण प्रत्येक दाबाला न लिहिता, आवाज १० सेकंद टिकला तरच लिहा, आणि राईटऐवजी अपडेट वापरा. आकडा तोच असेल तर ते लिहीतच नाही. वाचताना आकडा चारपेक्षा मोठा आला तर शून्य धरा, कारण नव्या चिपमध्ये तिथं २५५ असतं.

काळीमाती

आणि वडिलांना ते बारीक बटण देऊ नका भाऊ. घराच्या बेलचं बटण लावा, थंडीत हातमोज्यातूनही लागतं. कडेला रेडियमची पट्टी चिकटवा.