उबदार सुट्टीवरून परतल्यावर तीच थंडी दुप्पट का बोचते?

प्रश्न

दहा दिवस समुद्रकिनारी उन्हात घालवून आम्ही गेल्या आठवड्यात घरी परतलो. निघताना मार्च उजाडला होता, त्यामुळे परत येईपर्यंत बर्फ वितळलेला असेल अशी घरातल्या सर्वांची खात्री होती. प्रत्यक्षात विमानतळाच्या वाहनतळावर बर्फाच्या एकसारख्या ढिगांपैकी आमची गाडी कोणती, हे ओळखण्यातच अर्धा तास गेला. बर्फ खरवडण्याची पट्टी गाडीच्या आत होती, गाडीचा दरवाजा गोठून घट्ट बसला होता आणि जाड कोट बॅगेच्या तळाशी, पोहण्याच्या ओल्या कपड्यांखाली होता. पायांत चपला आणि चपलांत अजून वाळू! गाडी कशीबशी सुरू झाली, तर चाकांत हवा कमी असल्याचा दिवा लागला.

मला खरोखर समजून घ्यायचे आहे ते असे, की निघण्यापूर्वी उणे ५ अंशांत मी कानटोपीशिवाय कचरा टाकून येत असे, आणि आता त्याच तापमानात दार उघडले तरी हुडहुडी भरते. हा केवळ मनाचा खेळ आहे, की शरीरात काही बदलते? शिवाय दिवस मोठा झाला, ऊन लख्ख पडते, तरी हिवाळा हटत का नाही? उन्हाने नाकाची साल निघते आहे आणि गारठ्याने ओठ फुटले आहेत. एकाच चेहऱ्यावर दोन ऋतू घेऊन कामावर जाणे फार जिकिरीचे होते.

प्रतिसाद १

हा मनाचा खेळ नाही. उष्ण हवेशी जुळवून घेण्याचे शरीराचे काम साधारण एक ते दोन आठवड्यांत बरेचसे पूर्ण होते: रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्वचेकडे जास्त रक्त वाहते, म्हणजे शरीर उष्णता बाहेर टाकण्यात तरबेज होते. तुमच्या दहा दिवसांत हे घडून आले असणार, आणि नेमक्या त्याच तयारीनिशी तुम्ही बर्फात उतरलात. उलट, संपूर्ण हिवाळा रोज थोडा वेळ गारठ्यात वावरणाऱ्याचे कुडकुडणे हळूहळू कमी होते. प्रौढांच्या शरीरातही मानेजवळ आणि हंसळीच्या हाडावर उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी कार्यरत असते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून स्पष्ट झाले. थंडीच्या सरावाने तिचे काम वाढते.

त्यात आपल्या त्वचेला स्थिर तापमानापेक्षा तापमानातील बदल अधिक तीव्रतेने जाणवतो. विमानाच्या काही तासांत तुम्ही ३० अंशांचा फरक ओलांडलात, जो इतरांनी शरदापासून महिनोन्‌महिने पायरी-पायरीने पार केला होता. म्हणून माझा आग्रह असा, की घरात दडून बसू नका. रोज दिवसाउजेडी अर्धा तास, पुरेसे कपडे घालून, बाहेर चालून या.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मात्र हिवाळा रेंगाळतो का, हा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो, कारण दर वर्षी मार्चमध्ये माझ्याभोवतीची माणसे निसर्गाने वचन मोडल्यासारखी रागावतात आणि बर्फाची बाजू कोणीच ऐकून घेत नाही.

२० मार्चच्या सुमारास दुपारचा सूर्य जेवढ्या उंचीवर असतो, तेवढ्याच उंचीवर तो २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास असतो. ऊन सारखेच, पण सप्टेंबरात जमिनीत आणि पाण्यात उन्हाळ्याची ऊब साठलेली असते, तर मार्चमध्ये ती सगळी खर्च झालेली असते. समुद्र किंवा मोठे सरोवर जवळ असेल तर पाणी तापायला आणखी वेळ लागतो आणि वसंत आणखी लांबतो.

त्यावर बर्फाचा हिशेब निराळाच आहे. शून्य अंशाच्या १ किलो बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते, आणि तेवढ्या उष्णतेत तेच पाणी जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापवता आले असते. म्हणजे तुमच्या अंगणात ऊन दिवसभर राबत असते, पण त्याची कमाई वितळण्यातच जाते आणि हवेच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. ताजा पांढरा बर्फ तर आलेल्या उन्हापैकी ८० ते ९० टक्के ऊन परतच पाठवतो. जुना, मळका बर्फ त्याहून पुष्कळ जास्त ऊन शोषतो, म्हणून रस्त्याकडेचे ते करडे, काजळलेले ढीग पाहून मला मनापासून आनंद होतो; हिवाळ्याचा शेवट तिथूनच सुरू होतो. पुन्हा ताजा बर्फ पडला की मात्र सगळा हिशेब मागे जातो, आणि त्या दिवशी तुमच्याइतकाच मीही हळहळतो.

प्रतिसाद ३

ओठ आणि त्वचेबद्दल लिहितो. शून्य अंशाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते, तर २० अंशांच्या हवेत सुमारे १७ ग्रॅम. बाहेरची हवा घरात घेऊन नुसती तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली येते आणि ती मिळेल तिथून ओलावा शोषू लागते. किनाऱ्यावरच्या दमट हवेनंतर हा फरक फार जाणवतो. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मलम लावावे आणि नाकाची निघणारी साल ओढू नये.

चाकांच्या दिव्याने घाबरू नका. तापमान ५-६ अंशांनी उतरले की हवेचा दाब साधारण १ पीएसआयने कमी होतो, त्यामुळे हवा चाके थंड असतानाच मोजून भरावी. गोठलेल्या काचेवर गरम पाणी मात्र कधीही ओतू नका, काच तडकू शकते.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेले चार दिवस दुपारी चालायला जातो आहे. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत परतलो होतो, काल चाळीस मिनिटे फिरलो आणि हातमोजे काढून खिशात ठेवावेसे वाटले. खिशात हात घातला तेव्हा तिथेही वाळू निघाली. पुढच्या प्रवासात कोट आणि बर्फ खरवडण्याची पट्टी हातसामानातच राहतील.

बर्फाची बाजू वाचल्यापासून मुलीने अंगणातल्या ढिगात एक काठी रोवून तिच्यावर खुणा केल्या आहेत. काल संध्याकाळी ढीग पहिल्या खुणेपासून चार बोटे खाली गेला होता. आज सकाळपासून पुन्हा बर्फ पडतो आहे.