शेतात तेल सांडलंय, शेणखत किती टाकू? मदत हवी आहे

सीनाकाठ: मंडळी, रानात तेल सांडलंय. वास जाईना, पाणी घातलं तर वरच थांबतं. शेणखतानं तेल जातं म्हणतात. एकरी किती ट्रॉल्या? ज्वारीची पेरणी तोंडावर आलीये, लवकर सांगा.

रानवारा: कसलं तेल? खायचं, डिझेल की जळकं ऑइल? किती जागेत?

देशीगाय: ट्रॉल्या कशाला, शेण-गोमूत्र आंबवून केलेलं जीवामृत सोडा. आमची डाळिंबाची बाग त्यावरच उभी आहे.

रानवारा: बागेत तेल सांडलं होतं का तुमच्या?

देशीगाय: नाही, पण जिवाणू ते जिवाणूच.

सीनाकाठ: हायवेवर डिझेलचा टँकर उलटला. बांधालगत दोनेक गुंठे भिजले. आता तरी आकडा सांगा.

बार्शीकर: पंचनामा झाला का? टँकरच्या विम्यातून भरपाई मागता येते, सोडू नका.

सीनाकाठ: भरपाईचं नंतर बघू. मातीचं बोला.

मातीपरीक्षण: एकरी आकडा नसतो, मातीत डिझेल किती आहे त्यावर ठरतं. डिझेल खाणारे जिवाणू रानात असतातच. पण डिझेल म्हणजे बहुतांश कर्ब (कार्बन), त्यामुळे जिवाणूंना नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी पडतं. ढोबळ प्रमाण कर्ब १००, नत्र १०, स्फुरद १. ती तूट खत भरून काढतं, शिवाय माती मोकळी होते. कोंबडीखतात नत्र जास्त, पण ताजं नको, कुजलेलंच घ्या. खरी अडचण आपल्या काळ्या मातीची. ओली झाली की हवा कोंडते, आणि हवेशिवाय हे काम रखडतं. वाफशावर, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी असताना, खत मिसळा, वरचेवर कुळव फिरवा, पाणी तुंबू देऊ नका. काही महिने लागतील. तेवढ्या पट्ट्यात यंदा ज्वारी नको.

बार्शीकर: टेरी संस्थेचं ऑइलझॅपर, म्हणजे तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण, याच कामासाठी आहे. तेच मागवा.

मातीपरीक्षण: दोन गुंठ्यांना आधी खत आणि कुळव करून बघू द्या.

देशीगाय: कुळव बैलाचाच हवा, ट्रॅक्टरनं माती दबते.

रानवारा: बैल राहिलेत कुणाकडे? सीनाकाठ, जवळ विहीर किंवा बोअर?

सीनाकाठ: बोअर आहे की, बांधालाच. घरचं पिण्याचं पाणी तिथलंच.

मातीपरीक्षण: अहो, मग खताचं राहू द्या! भेगांतून डिझेल खाली उतरतं. वास येत नसला तरी ते पाणी पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका. नमुना आजच तपासायला द्या, पाण्यातलं डिझेल बघायचंय असं स्पष्ट सांगून.

सीनाकाठ: मोटार बंद केली. कोंबडीखत मोहोळकडं कुणाकडं आहे का?