रावपुऱ्यातील जुना वाडा: चुना की सिमेंट?

प्रश्न (बडोदे)
आमचा दुमजली वाडा रावपुऱ्यात, तांबेकर वाड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. भिंती विटांच्या, खांब व तुळया सागवानी आणि वर कौले. काही वर्षांपूर्वी ओल थांबावी म्हणून आम्ही भिंतींना खालून कमरेइतका सिमेंटचा गिलावा केला. तेव्हापासून ओल कमी होण्याऐवजी वर चढत गेली आणि आता माजघरातील तुळईचे भिंतीत गेलेले टोक भुसभुशीत झाले आहे. ठेकेदार सगळे लाकूड काढून स्लॅब टाकायला सांगतात व काकांनाही ते पटले आहे. पणजोबांचा हा वाडा वाडाच राहावा, असे मला मनापासून वाटते. काय करावे?

उत्तर १
कारण तो गिलावाच आहे. विटा जमिनीतले पाणी शोषून घेतात आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते वाफ होऊन निघून जाते. सिमेंटने ती वाट बुजली की पाणी भिंतीतच वर सरकते व लाकडात मुरते. सिमेंट हलक्या हाताने उतरवा, भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी वाळू द्या आणि मगच चुना लावा. कौले व पन्हळी मात्र सर्वांत आधी दुरुस्त करा. तुळई अख्खी बदलण्याची घाई नको. कुजलेले टोक कापून जुन्या सागाचा तुकडा सांधता येतो.

उत्तर २
युरोपातील उत्तर-मध्ययुगीन शहरी घरांचेही असेच झाले. लाकडी चौकटीत काठ्यांचा कूड आणि त्यावर माती-पेंढ्याचा लेप, अशी त्यांची बांधणी. २०व्या शतकात अनेक ठिकाणी तेथे सिमेंट भरले गेले आणि चौकटी आतून कुजल्या. आता ते काढून पुन्हा माती-चुनाच वापरतात. जर्मनीतील क्वेडलिनबुर्ग येथे लाकडी चौकटीची २,०००हून अधिक घरे असून १९९४पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. तेथे १४व्या शतकातले घरही उभे आहे, मग आपला साग का टिकणार नाही?

उत्तर ३
स्लॅबचा विचार करण्याआधी अंतर मोजा. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या कायद्यातील २०१०च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून दुरुस्तीलाही सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे, म्हणजे तेथे परवानगी घेऊनच बांधकाम करता येते. अर्जासोबत आजच्या स्थितीची छायाचित्रे आणि मोजमापे जोडा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. अंतर साधारण ७० मीटर भरले. काकांना आज तिसरे उत्तर वाचून दाखवले आणि आता आम्ही चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याच्या शोधात आहोत.