मदत हवी आहे : कॉटन ग्रीनच्या गोदामी सायडिंगचे मॉडेल

सप्रेम नमस्कार. 1915 मध्ये सुरू झालेल्या मुंबई बंदराच्या रेल्वेवरून, शिवडीजवळच्या कापूस गोदामांमधील सायडिंगचे, म्हणजे मालडबे उभे करण्याच्या बाजूच्या रुळांचे, 1950 च्या दशकातील रूप 1:87 या प्रमाणात, 180 × 45 सेंटीमीटरच्या फळीवर उभे करण्याचा माझा विचार आहे. मांडणी प्रत्यक्ष नकाशाबरहुकूम नसून ‘इंगलनुक’ या डबे हलवण्याच्या कोड्याच्या पद्धतीची आहे : तीन रूळ, त्यांत अनुक्रमे 5, 3 आणि 3 डबे मावतात, आणि आठ डब्यांतून पाच ठरलेल्या क्रमाने लावायचे असतात, ज्याचे 6720 प्रकार होतात. एवढ्याशा जागेत इतका खेळ दुसऱ्या कशात मिळेल असे मला तरी वाटत नाही.

माझी मुख्य अडचण रुळांच्या रुंदीची आहे. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा असल्यामुळे या प्रमाणात तो सुमारे 19.3 मिलिमीटर यायला हवा, परंतु बाजारात मिळणारे तयार रूळ 16.5 मिलिमीटरचे असतात, आणि त्यांवर आपले रुंद डबे अरुंद पायावर उभे असल्यासारखे दिसतात. ज्यांनी रूळ स्वतः जोडले आहेत, त्यांनी सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे पॉइंट, कसे बनवले?

दुसरे असे की, गोदामांसमोरचे रूळ मला फरसबंदीत बुडालेले दाखवायचे आहेत. प्लास्टर, कॉर्क आणि फोमबोर्ड यांपैकी काय वापरल्यास चाकांच्या कडेसाठीची खाच पावसाळ्याच्या दमट हवेतही बुजणार नाही, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.