मदत हवी आहे: लिहिताना येणाऱ्या मानेच्या टिकसाठी पर्यायी हालचाल

मुलगा 9 वर्षांचा, टुरेट सिंड्रोमचं निदान झालेलं (यात नकळत, पुन्हापुन्हा हालचाली आणि आवाज होतात, त्यांनाच टिक म्हणतात). डोळे मिचकावणं, मान उजवीकडे झटकणं आणि घसा खाकरणं, वर्षाहून जास्त काळ. फिट्स नाहीत. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) आणि ओसीडीची (तेच विचार आणि कृती पुन्हापुन्हा) तपासणी झाली, दोन्ही नाहीत. टिकसाठी रात्री क्लोनिडीन हे औषध चालू आहे. डोस वाढवला की वर्गात पेंगतो. ते अचानक बंद केलं तर रक्तदाब उसळू शकतो, त्यामुळे औषधाचं डॉक्टरच ठरवतील, त्यावर कृपया सल्ला नको. "करू नकोस" असं टोकणं घरात आणि शाळेत पूर्ण बंद आहे, कारण लक्ष वेधलं की टिक वाढतात.

हॅबिट रिव्हर्सल सुरू आहे, म्हणजे टिक येणार असं जाणवलं की टिकला अडवणारी दुसरी हालचाल करायची थेरपी. टिकच्या आधीची मानेतली शिवशिव त्याला नीट ओळखता येते, हे मोठंच काम झालं. घशासाठी तोंड मिटून नाकाने संथ श्वास, हे छान लागू पडलं. मानेसाठी हनुवटी किंचित खाली घेऊन स्नायू हलके ताठ धरायचे, शिवशिव ओसरेपर्यंत, निदान 1 मिनिट. वाचताना जमतं. लिहिताना मात्र खांदा वर चढतो, पेन्सिलीवरची पकड आवळते, ओळ सुटते आणि त्या ताणानेच पुढचा झटका येतो. थेरपिस्टची पुढची वेळ लांब आहे आणि तोंडी परीक्षेची सवलत शाळा देत नाही.

उजव्या हाताने लिहिणं न थांबवता, खांदा सैल ठेवून करता येईल अशी मानेची कोणती पर्यायी हालचाल तुमच्याकडे टिकली, आणि ती आधी कशासोबत सराव करून बसवली?