५ स्टार एसी घेतला तर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते का?

पोफळीकाठ (गुहागर)

घर वरच्यापाटात. पुढे रस्ता, मागे वाडी, वाडीपलीकडे समुद्र. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. पूर्वी मे महिन्यात ओटीवर सतरंजी टाकली की झोप लागायची. आता आई ८१ वर्षांची आहे, रात्री घामाने दोनदा लुगडं बदलते. डॉक्टर म्हणाले, एक खोली तरी थंड ठेवा. शिवाय माडीवरच्या दोन खोल्या मी पर्यटकांना देते. त्यांचा पहिला प्रश्न 'एसी आहे का?', समुद्राचं नंतर विचारतात.

म्हणून चिपळूणला एका दुकानात गेले. दीड टनाचा ५ स्टार ३ स्टारपेक्षा ९ हजारांनी महाग. विक्रेता म्हणाला, "ताई, हे ९ हजार सरकार परत देतं, रिटर्नमध्ये दाखवायचे." कुठल्या रकान्यात, विचारलं, तर "तुमचे सीए सांगतील." माझा सीए म्हणजे मीच! न्यू जर्सीच्या भाच्याला २०२४ मध्ये हीट पंप (घर थंड आणि गरम दोन्ही करणारं एसीसारखं यंत्र) बसवल्यावर टॅक्समध्ये २००० डॉलरची सूट मिळाली, म्हणून मलाही खरं वाटलं. आपल्याकडे असं काही आहे का?

जमाखर्च (रत्नागिरी)

ताई, नाही. घरातल्या एसीवर आयकरात छदामही सुटत नाही, मग तो ५ स्टार असो की १ स्टार. भाच्याचं मात्र खरं आहे. तिकडच्या २५सी कलमात हीट पंपाच्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त २००० डॉलर, करातून वजा व्हायचे. हे २०३२ पर्यंत चालणार होतं, पण जुलै २०२५ च्या कायद्याने गुंडाळलं. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्राला काही नाही.

आपल्याला मिळालं ते जीएसटीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवर २८ ऐवजी १८ टक्के. मूळ किंमत ४०,००० असेल तर पूर्वी ५१,२०० पडायचे, आता ४७,२००. पण यात स्टार कुणी बघत नाही. वीज खाणाऱ्या एसीलाही तेवढीच कपात. मला हे पटत नाही, पण आहे ते असं आहे.

माडीवरच्या खोल्यांचं उत्पन्न धंद्याचं म्हणून दाखवता का? तर तिथल्या एसीवर वर्षाला १५ टक्के घसारा, म्हणजे वस्तू जुनी होते त्याची उत्पन्नातून वजावट, मिळतो. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत उलाढालीच्या ६-८ टक्के नफा दाखवून मोकळ्या होत असाल, तर घसारा त्यातच आला, वेगळा मागू नका. आणि आईंच्या खोलीतला एसी कृपा करून धंद्यात घुसवू नका.

खारो_वारो (मालवण)

टॅक्स माका कळणा नाय, एसीचा काम १७ वर्षां करतंय. पुढे सगळ्यांना समजेल असं लिहितो.

स्टिकरवरचे युनिट वर्षाला १६०० तास धरून काढलेले असतात. ३ आणि ५ स्टारमध्ये समजा २०० युनिटांचा फरक आला, युनिटला १० रुपये धरले तर २००० रुपये. म्हणजे ९ हजार वसूल व्हायला साडेचार वर्षं. समुद्राकडे तोंड केलेलं बाहेरचं युनिट तेवढं टिकतं का? मी तिसऱ्या वर्षी कॉइलच्या पट्ट्या बोटाने दाबून बघितल्यात, खारी बिस्किटासारखा चुरा होतो. युनिट समुद्राच्या उलट बाजूला, वळचणीखाली लावा. तांब्याची, कोटिंगवाली कॉइल घ्या. पंधरा दिवसांनी वीज बंद करून गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा.

आणखी एक. कौलांखाली थेट एसी लावू नका, गारवा सगळा फटींतून जातो. आईच्या खोलीला वर फळ्यांचा माळा असेल तर तिथे आधी लावा. माडीवर आधी सीलिंग, मग एसी.

झावळ (दापोली)

सरकारचा पैसा खरोखर हातात हवा असेल तर सोलर. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलरच्या योजनेत सबसिडी १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ किंवा जास्त असेल तर ७८,०००. मीटर घरगुती हवा, पॅनल भारतात बनवलेले, अर्ज पोर्टलवर, ठेकेदार नोंदणीकृत. आधी पूर्ण पैसे द्यावे लागले, सबसिडी नंतर खात्यात आली. पॅनलवरचा जीएसटीही १२ वरून ५ झालाय. पावसाळ्यात वीज कमी बनते, पण उन्हाळ्यात एसी आणि ऊन एकदमच येतात, ते बरं पडतं.

किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा लागते. मोकळी म्हणजे माडाची सावलीसुद्धा नको. माझ्या एका पॅनलची काच झावळ पडून तडकली, टोपणनाव त्यावरूनच. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले होते. म्हणून सांगाड्याच्या बोल्टवर मी स्वतः उभं राहून पाना फिरवला.

पोफळीकाठ

सर्वांचे आभार. न्हाणीघराच्या स्लॅबवर टेप लावून बघितला, १४० चौरस फूट, त्यात दुपारी तीननंतर दोन माडांची सावली. म्हणजे सोलर झालं तर १ किलोवॉटच. आईच्या खोलीला सागवानी माळा आहे, त्यामुळे एकच एसी तिथे. माडीसाठी सुताराला फोन केला, तो गणपतीपर्यंत मोकळा नाही.

खारो_वारो दादा, पूर्वेच्या भिंतीला विहीर आहे, पाणी गोडं. युनिट तिथे लावलं तर पाइप २२ फूट होतो. चालेल?

खारो_वारो

चालेल. पाइप लांबला म्हणजे गॅस थोडा वाढवून भरावा लागतो, बसवणाऱ्याला आधीच सांगा. आणि विहिरीच्या कठड्यापासून दोन हात लांब, नायतर धुताना बादलीबरोबर माणूस पण आत.