मदत हवी आहे: परिवर्तित रजा अर्जित रजेतून वजा झाली आहे, सेवापुस्तकात दुरुस्ती कशी करून घ्यायची?

नमस्कार. आई राज्य शासनाच्या एका तालुका पातळीवरच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. जन्मतारीख १ जून, त्यामुळे ५८ पूर्ण होऊन ३१ मे रोजी निवृत्त होईल. तिच्या पिढीत शाळेने १ जून तारीख लावलेले खूप जण आहेत आणि सगळे एकाच दिवशी बाहेर पडतात. मे महिन्यात आस्थापना शाखेत कुणाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून आत्ताच विचारतेय. नोकरी १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, जुनी पेन्शन. ते प्रकरण महालेखापालांकडे गेलंय. अडलंय रजा रोखीकरणाचं, म्हणजे शिल्लक अर्जित (पूर्ण पगारी) रजेचे निवृत्तीवेळी मिळणारे पैसे.

रविवारी आम्ही दोघी रजेच्या हिशोबाच्या पानांची झेरॉक्स घेऊन बसलो. २०११ मध्ये आईचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, ४५ दिवस रजा. आदेशात स्वच्छ लिहिलंय, "वैद्यकीय कारणास्तव परिवर्तित रजा". म्हणजे अर्धवेतनी रजेतून दुप्पट, ९० दिवस जायला हवे होते, आणि तेव्हा ती शिल्लक तीनशेच्या वर होती. पण सेवापुस्तकात ४५ चा आकडा अर्जित रजेच्या रकान्यात उतरलाय. शेजारचा अर्धवेतनीचा रकाना त्या ओळीत कोरा. खाली सही, अर्धा उमटलेला गोल शिक्का. तेव्हापासूनची प्रत्येक शिल्लक ४५ ने कमी आहे.

तपासताना दोन चुका आईच्या फायद्याच्याही सापडल्या, त्याही सांगते. २०१५ मध्ये बाबांच्या आजारपणात तिने ६० दिवस असाधारण (बिनपगारी) रजा घेतली होती. पुढच्या सहामाहीत जमा होणाऱ्या १५ अर्जित दिवसांतून तिचा एक दशांश, म्हणजे ६ दिवस कमी करून ९ च जमा व्हायला हवे होते, झाले १५. आणि यंदा १ जानेवारीला पूर्ण १५ जमा केलेत, पण मेअखेर निवृत्ती असल्याने पाच महिन्यांचे अडीचप्रमाणे साडेबाराच बसतात.

पुस्तकातली शिल्लक २४१. माझ्या हिशोबाने २७७.५. मधल्या कुठल्याही सहामाहीत अर्जित रजा साठवण्याची ३०० दिवसांची मर्यादा ओलांडली जात नाही, हेही पाहिलं. मूळ वेतन ६०,४०० आणि महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर दिवसाला ३,१२० रुपये, म्हणजे फरक जवळजवळ १ लाख १४ हजारांचा.

संबंधित लिपिक म्हणतात, पुस्तक पडताळणी होऊन आलंय, जुनी नोंद आता हलणार नाही, आणि आदेशाची कार्यालयीन प्रत सापडत नाही. आई म्हणते जाऊ दे. मला ते पटत नाही. ऑपरेशननंतर विसाव्या दिवशी तिला घरी फायली तपासताना मी पाहिलंय. ते दिवस तिचे आहेत. अर्ज कुणाकडे आणि कशाच्या आधारावर करायचा?

प्रतिसाद १
ताई, मी आस्थापनेतूनच निवृत्त झालोय. वेतन पडताळणी पथक वेतननिश्चिती तपासतं. रजेचा हिशोब हे कार्यालयाचं काम आहे, त्यामुळे "पडताळणी झाली" हे कारण इथे चालत नाही. रोखीकरणही महालेखापालांकडे जात नाही. रजा मंजूर करणारा अधिकारीच ते मंजूर करतो आणि देयक कोषागारात जातं. तेव्हा अर्ज थेट कार्यालय प्रमुखांना करा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. २०११ च्या वेतन देयकावर विसंबू नका: परिवर्तित काय, अर्जित काय, पगार पूर्णच निघतो, त्यामुळे तिथे फरक दिसणार नाही. आदेशाचा जावक क्रमांक बघा. त्या वर्षाच्या जावक नोंदवहीत तो सापडला की कार्यालयीन प्रत नसली तरी आदेश खरा ठरतो. नोंदवही दाखवत नसतील तर माहिती अधिकारात त्या पानाची साक्षांकित प्रत मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जुनी नोंद खोडू देऊ नका. खाली आदेशाच्या संदर्भासह नवी नोंद आणि कार्यालय प्रमुखांची सही हवी. तुमच्या विरोधातल्या दोन्ही चुका त्याच अर्जात लिहा, अर्जाला वजन येतं.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)
काका, मनापासून आभार. आदेश आईने डॉक्टरांच्या फिटनेस सर्टिफिकेटसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. वरच्या कोपऱ्यात जावक क्रमांक आहे, पुसट झालाय पण वाचता येतो. आज रात्रीच अर्ज लिहायला बसतोय दोघी.